गढूळपणाला अस्सलपणा म्हणू नका

घरी बिअर करणाऱ्यांमध्ये एक मत अलीकडे फार पक्के झाले आहे. आंबण्याची क्रिया संपली की बिअर सरळ बाटल्यांत किंवा केगमध्ये भरावी, ती थंडीत ठेवून निवळू देण्यात वेळ घालवू नये, जिलेटिनला तर हातही लावू नये. कारण काय, तर नितळपणा हे नुसते डोळ्यांचे कौतुक आहे, कारखान्यांनी लावलेली सवय आहे, आणि गढूळ बिअर हीच हाताने केलेली, जिवंत, अस्सल बिअर. अमेरिकेत होमब्रू करणाऱ्या आम्हा मराठी मंडळींत हे मी सतत ऐकतो. नवशिक्याने विचारले की ‘थंड वगैरे काही करू नकोस, भरून टाक’ असे त्याला बेधडक सांगितले जाते, आणि तो एवढ्या मेहनतीची बिअर अगदी शेवटच्या टप्प्यावर अर्धवट सोडून देतो. या सल्ल्याने नुकसान होते ते चवीचे. म्हणून हा प्रतिवाद.

हे मत आले कुठून, ते आधी समजून घेऊ. आमच्या पिढीने भारतात प्यायलेली बिअर म्हणजे कारखान्यातली, लखलखीत गाळलेली, चवीला फिकी लागर. 2009 साली पुण्यात डूलाली सुरू झाली, मग पुण्या-मुंबईत आणि बंगळुरात मायक्रोब्रुअरी निघत गेल्या, आणि तिथे संत्र्याच्या सालीचा नि धण्याचा वास असलेली गव्हाची बिअर पहिल्यांदा हातात आली. ती गढूळ होती आणि चवीला कितीतरी भरदार होती. फिकी ती नितळ, चवदार ती गढूळ, ही गाठ मनात तिथेच बसली. पुढे अमेरिकेत आल्यावर व्हर्मॉन्टच्या धुकट आयपीएने ती आणखी आवळली गेली. अशी गाठ बसणे स्वाभाविक आहे. पण कारखान्याची लागर फिकी लागते ती तांदूळ, मका किंवा साखरेच्या भरीमुळे आणि हॉप्सच्या कंजुषीमुळे. नितळपणाचा त्यात काही हात नाही. चेक प्रजासत्ताकातली बुडवार आपली मूळ लागर 90 दिवस थंडीत मुरवल्याचे अभिमानाने सांगते. ती आरपार नितळ असते, आणि तिला फिकी म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

(एक गोष्ट इथेच नोंदवतो. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत 1978 साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली आणि 2013 मध्ये शेवटची दोन राज्येही तयार झाली. हा लेख जिथे परवानगी आहे तिथल्या घरांसाठी आहे.)

गढूळपक्षाचा लाडका युक्तिवाद इतिहासाचा आहे. ते म्हणतात, काचेचे ग्लास स्वस्त झाले, सोनेरी पिल्सनर त्यांत शोभून दिसू लागली, आणि तेव्हापासून जगाला नितळपणाचे वेड लागले. ग्लासांबद्दलचे म्हणणे खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. बिअर थंडीत मुरवण्याची रीत काचेच्या कितीतरी आधीची आहे. बव्हेरियात ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने 1553 साली 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर करायला बंदी घातली, कारण उन्हाळ्यात केलेली बिअर बिघडत असे. मग वसंतापर्यंत करून ठेवलेली बिअर टेकड्यांच्या पोटात खोदलेल्या तळघरांत पिंपांतून मुरत राही. पुढे हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून आणून तो शेजारी रचत, वर चेस्टनटची झाडे लावून तळघरावर सावली धरत. ही सगळी यातायात करणारे लोक बिअर पीत होते लाकडाच्या, मातीच्या आणि कथलाच्या मगांतून. आत बिअर नितळ आहे की गढूळ, हे त्यांना दिसतसुद्धा नव्हते. त्यांना कळत होती ती चव, आणि बिअर किती टिकते ते.

पिल्सेनचेच उदाहरण घ्या. योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने 5 ऑक्टोबर 1842 रोजी जी बिअर उकळली ती लोकांपुढे आली 11 नोव्हेंबरला. मधले पाच आठवडे ती थंड जागेत आंबली आणि मुरली. कार्ल फॉन लिंडे यांचे शीतयंत्र म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत चालू लागले ते त्यानंतर, 1870 च्या दशकात, आणि ते घेण्यामागचा हेतू तळघराची थंडी बाराही महिने मिळावी हाच होता. कारखान्यांनी थंडीची सवय लावली असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम एकदा नीट पाहावा.

‘नितळ म्हणजे मेलेली’ हे वाक्य तर मला सर्वांत जास्त खटकते, कारण ज्यांनी जिवंत बिअरसाठी खरोखर लढा दिला त्यांचा अनुभव नेमका उलट आहे. इंग्लंडमधली, 1971 साली स्थापन झालेली कॅमरा ही पिणाऱ्यांची चळवळ आजवर भांडत आली ती पिंपातल्या एलसाठी: न गाळलेली, जिच्यात यीस्ट जिवंत आहे आणि जी पबच्या तळघरात पुन्हा थोडी आंबते अशी एल. ही बिअर टेबलावर येते ती नितळ. गढूळ पाइंट आला तर जुने गिऱ्हाईक तो काउंटरवर परत ठेवते. यीस्ट जिवंत असते आणि तरी तळाशी बसलेले असते, कारण पिंपात सहसा आयसिंग्लास घातलेले असते. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून हा पदार्थ होतो. आपल्या किनाऱ्याला ही पिशवी परकी नाही. पालघरच्या बाजूला घोळ माशाला लाखांचे भाव येतात ते मांसापेक्षा या पिशवीसाठीच. अठराव्या शतकात इंग्रज ब्रुअर रशियातून येणाऱ्या स्टर्जन माशाच्या महागड्या पिशव्यांवर अवलंबून होते. वाफेच्या इंजिनांवर आणि गॅसच्या दिव्यांवर काम करणाऱ्या विल्यम मर्डॉकने 1795 साली कॉड माशापासून त्याला स्वस्त पर्याय काढला आणि लंडनच्या ब्रुअरांनी तो वापरण्याच्या हक्कासाठी त्याला 2000 पौंड मोजले. यीस्टसकट पिंप विकणाऱ्या त्या लोकांना निवळण्याची किंमत चांगली ठाऊक होती.

याच भीतीचे घरगुती रूप म्हणजे ‘थंड केली तर यीस्ट मरेल आणि बाटलीत फेस धरणार नाही’. थंडीने यीस्ट मरत नाही, सुस्तावते. डोळ्यांना नितळ दिसणाऱ्या बिअरमध्येसुद्धा दर मिलिलिटरला लाखभर पेशी असू शकतात, आणि बाटलीतली चमचाभर साखर आंबवायला तेवढ्या पुरतात. त्यांना कदाचित दोन-चार दिवस जास्त लागतील. अनेक महिने मुरवलेली बिअर असेल तर भरताना चिमूटभर ताजे यीस्ट घालावे, प्रश्न मिटला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो: बिअर गढूळ असते तेव्हा तिच्यात नेमके काय तरंगत असते? हे न पाहताच दोन्ही बाजूंनी भांडण चालते.

एक तर यीस्ट. त्याची पेशी साधारण 5 ते 10 मायक्रॉनची, इतकी हलकी की एकटीदुकटी पेशी स्थिर बिअरमध्ये दिवसाला जेमतेम काही सेंटिमीटर खाली उतरते. पण पेशी एकट्या राहत नाहीत. त्यांच्या भिंतीवर काही प्रथिने असतात. वर्टमध्ये, म्हणजे आंबणाऱ्या माल्टच्या गोड पाण्यात, साखर आहे तोवर ती साखरेलाच धरून बसतात. साखर संपत आली की ती मोकळी होतात आणि कॅल्शियमच्या मदतीने शेजारच्या पेशीला धरतात. मग गुच्छ तयार होतात. खाली बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून मोठे गुच्छ भराभर तळ गाठतात. थंडी यात भर घालते. उरलेसुरले आंबणे थांबते, बुडबुडे वर येऊन बिअर ढवळायची थांबते, आणि जे बसू पाहत होते ते बसते. पाण्यात कॅल्शियम फारच कमी असेल किंवा यीस्टची जातच गुच्छ न धरणारी असेल तर हे काम रेंगाळते. अशा वेळी एकट्या थंडीला दोष देऊ नये.

दुसरी गोष्ट जास्त चकवा देणारी आहे. बार्लीतली काही प्रथिने, प्रोलिन या अमिनो आम्लाने भरलेली, आणि सालीतून नि हॉप्समधून आलेली पॉलिफेनॉल्स, ही दोन्ही बिअरमध्ये सुटी असताना दिसत नाहीत. तापमान 0 अंश सेल्सिअसजवळ गेले की त्यांच्यात हलके बंध जुळतात आणि मायक्रॉनभर किंवा त्याहूनही लहान कण तयार होतात. हे कण प्रकाश विखुरतात. खोलीच्या तापमानावर स्वच्छ दिसलेली बिअर फ्रीजमधून बाहेर येते ती दुधाळ होऊन. तोच ग्लास टेबलावर ठेवून द्या, 20 अंशांपर्यंत आला की धुके विरून जाते. म्हणून बरेच जण याकडे दुर्लक्ष करतात. पण हे थंड-गरम अनेकदा झाले, त्यात ऑक्सिजन मिसळला, की हलके बंध पक्के होतात आणि मग धुके जात नाही. थंडीत मुरवणे म्हणजे हे धुके ग्लासात दिसायच्या आधीच, फर्मेंटरमध्ये धरायला लावायचे, ते बसेपर्यंत थांबायचे, आणि वरची बिअर थंड असतानाच काढून घ्यायची. मधे बिअर पुन्हा कोमट झाली तर साका पुन्हा विरघळतो आणि सगळे मुसळ केरात जाते.

हे लहान कण एकट्या थंडीने बसायला आठवडे लागतात, कारण व्यासाच्या वर्गाचा तोच नियम इथे उलटा पडतो. घाई असेल तिथे जिलेटिन उपयोगी पडते. गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवल्यावर जे घडते त्याच जातीचे हे काम आहे. तुरटीतले धनभारित आयन मातीच्या ऋणभारित कणांना एकत्र आणतात, आणि बिअरच्या आंबटपणात धनभार धारण करणारे जिलेटिन यीस्टला आणि धुक्याच्या कणांना एकत्र आणते. 19 लिटरच्या बॅचला 2 ते 3 ग्रॅम बिनवासाचे जिलेटिन पुरते. ते थंड पाण्यात फुगू द्यावे, मग 65 ते 70 अंशांपर्यंत गरम करून विरघळवावे, उकळू मात्र नये. बिअर आधीच 4 अंशांच्या खाली असली पाहिजे, कारण धुके धरलेच नसेल तर जिलेटिन पकडणार काय? काचेच्या फर्मेंटरमध्ये हे घातले की काही तासांनी वर बोटभर रुंदीचा स्वच्छ पट्टा दिसू लागतो. त्याची खालची कड चांगली आखीव असते, आणि ती हळूहळू खाली सरकत जाते. वर मधासारखा रंग, खाली ढग. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढग तळाशी आवळून बसतो: खाली हॉप्सचा हिरवट-तपकिरी थर आणि त्यावर यीस्टचा मलईच्या रंगाचा. हे ज्याने एकदा पाहिले त्याला, आपण याआधी काय काय पीत होतो, ते वेगळे सांगावे लागत नाही.

कारण तो साका चवीचा असतो. तरंगते यीस्ट कच्च्या पावासारखी, जिभेच्या मागच्या बाजूला चिकटणारी चव देते आणि हॉप्सचा नाजूक वास त्याखाली दबतो. पॉलिफेनॉल्स तुरट असतात. हॉप्सचे बारीक तुकडे घशाला खरखरीत लागतात. तांबूस एल असो की फिकी पिल्सनर, तिच्यात माल्टची जी गोड भाजकी चव आपण मुद्दाम माल्ट निवडून आणली, ती या सगळ्याच्या मागे जाते. नव्या लागरमध्ये येणारा गंधकाचा वास मुरवणीच्या आठवड्यांत ओसरतो. ‘गढूळ बिअर भरलेली लागते’ असे म्हणणाऱ्याने एकाच बॅचची निवळलेली बिअर शेजारी ठेवून प्यावी. जे भरलेले वाटत होते त्यातला बराच भाग यीस्टचा असतो. कुणी पौष्टिकतेचा मुद्दा काढतात. यीस्टमध्ये ब जीवनसत्त्वे असतात हे खरे, पण बिअर हे मद्य आहे, पोषणासाठी तिच्याकडे पाहूच नये. आणि ग्लास-दोन ग्लासांतून ताजे यीस्ट पोटात गेले की अनेकांचे पोट फुगते, हेही तेवढेच खरे.

इथे समोरून हमखास उत्तर येते: मग धुकट आयपीएचे काय? व्हर्मॉन्टच्या द अल्केमिस्ट ब्रुअरीची हेडी टॉपर काय गाळून पितात? गव्हाची वाइसबिअर तर तळाचे यीस्ट हलवून ग्लासात घेतात! या बिअर मलाही आवडतात, आणि त्यांना नितळ करा असे मी कधीच म्हणणार नाही. पण त्यांचे धुके ठरवून आणलेले असते. ओट्स आणि गव्हातून आलेली प्रथिने, आंबण्याच्या काळात आणि नंतर घातलेल्या भरपूर हॉप्सची पॉलिफेनॉल्स, यांचे ते इतके बारीक कलिल असते की थंडीतही पुष्कळसे टिकून राहते. 2018 साली अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनने या आयपीएला आपल्या शैलीसूचीत जागा दिली ती याच ठरवून आणलेल्या धुक्यासकट. तरंगते यीस्ट आणि हॉप्सचा चुरा हा त्या शैलीचा भाग नाही, आणि ती बिअर चांगली करणारे ब्रुअरही भरण्याआधी टाकी थंड करून यीस्ट नि चुरा खाली बसवतात. वाइसबिअरचे यीस्ट लवंगेची नि केळ्याची चव देणारे, त्या बिअरसाठीच निवडलेले असते. तुमच्या पेल एलमध्ये घाईमुळे राहिलेल्या ढगाला या दोघींच्या नावाचा दाखला मिळू शकत नाही. फ्रँकोनियातल्या केलरबिअरचाही असाच दाखला देतात. ती गाळत नाहीत हे खरे. पण तळघरात ती आठवडेच्या आठवडे मुरलेली असते, हे सांगायचे मात्र राहून जाते.

‘थंडी लागरला लागते, एलला नाही’ हेही असेच अर्धे वाक्य. कोलोनची क्योल्श वरच्या तापमानावर, एलच्या यीस्टने आंबते आणि मग थंडीत मुरते. 1986 च्या क्योल्श करारात ती नितळ असली पाहिजे असे स्पष्ट लिहिले आहे. शेजारच्या ड्युसेलडॉर्फची आल्टबिअरसुद्धा याच वाटेने जाते. एलला आठवडे लागणार नाहीत, 1 ते 3 अंशांवर तीन-चार दिवसही पुष्कळ फरक पाडतात. पण ‘लागत नाही’ हे कुणाच्या अनुभवावरून सांगतात, कोण जाणे.

समोरच्या बाजूचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि खेदाची गोष्ट ही की तो फारच थोडे जण घेतात. थंड करताना ऑक्सिजन आत जातो. हिशेब करून पाहा. 19 लिटर बिअरच्या वर 4 लिटर मोकळी जागा आहे असे धरा. 20 अंशांवरून 1 अंशावर येताना त्या वायूचे आकारमान सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटते. म्हणजे पाव लिटरहून थोडी जास्त हवा एअरलॉकमधून, म्हणजे फर्मेंटरच्या तोंडावरच्या पाणी भरलेल्या झडपेतून, आत ओढली जाते, बरोबर एअरलॉकमधले पाणीही. थंड बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो, त्यामुळे ही ओढ आणखी वाढते. तेवढ्या हवेत 55 मिलिलिटरच्या आसपास ऑक्सिजन असतो. तो सगळा बिअरमध्ये उतरला तर लिटरमागे 4 मिलिग्रॅम होतो. व्यावसायिक ब्रुअर भरलेल्या डब्यात 0.1 मिलिग्रॅमच्याही खाली राहण्यासाठी धडपडतात. हॉप्सचा वास उडून जाणे, रंग काळवंडणे, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येणे, हे सगळे यातूनच येते. थंड करून बिअर बिघडली असे जे सांगतात, त्यांची बिअर बहुधा हवेने बिघडलेली असते.

उपाय अवघड नाही. आंबण्याच्या वेळी निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडनेच एक जाड पिशवी भरून घ्यावी आणि थंड करताना ती एअरलॉकच्या जागी जोडावी, म्हणजे फर्मेंटर हवेऐवजी तोच वायू ओढतो. केग असेल तर आणखी सोपे: बिअर बंद नळीतून केगमध्ये उतरवावी, सिलिंडरचा हलका दाब द्यावा आणि मग केगच फ्रीजरमध्ये ठेवावा. काचेचा कारबॉय मात्र बूच ठोकून कधीही थंड करू नये, आतला दाब घटून तो तडकू शकतो. वासाच्या आयपीएला जिलेटिनही टाळावे, ते थोडा वास आपल्याबरोबर खाली नेते. तिथे थंडी आणि दोन-तीन दिवस एवढेच पुरे.

आणि आता आमच्याच बाजूच्या लोकांबद्दल, कारण थंडीला बदनाम कुणी केले असेल तर त्यांनी. एअरलॉकचे बुडबुडे मंदावले की सातव्या दिवशी फर्मेंटर फ्रीजमध्ये ढकलणारे आणि नितळ झाली की ‘झाली’ म्हणणारे बरेच आहेत. थंडी ही दुरुस्ती नाही. ती जे आहे ते तसेच गोठवते. आंबताना यीस्ट एक पदार्थ बाहेर टाकते, त्याचे बिअरमध्ये आपोआप डायअसिटिल होते, आणि मग तेच यीस्ट, ऊब असेल तर, ते डायअसिटिल परत आत घेऊन निरुपद्रवी करते. लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम डायअसिटिलही बटर पॉपकॉर्नसारखे नाकाला लागते. यीस्ट वेळेआधी थंड करून तळाशी बसवले, तर ते काम कोण करणार? नितळ, देखणी आणि लोण्याचा वास मारणारी बिअर अशीच तयार होते. कच्च्या सफरचंदासारखा असेटाल्डिहाइडचा वासही याच घाईची खूण. हॉप्स नंतर घातले असतील तर धोका वाढतो. त्यांतली एन्झाइम्स न आंबणाऱ्या साखरेचे तुकडे करून आंबणारी साखर मोकळी करतात. हे काम पुरे न होता बिअर थंड करून बाटल्यांत भरली, तर बाटल्या पुढे उबेत आल्यावर जोर धरतात, आणि कधी फुटतातही.

म्हणून फ्रीजचे दार उघडण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. हायड्रोमीटरचे माप सलग तीन दिवस तेच राहिले पाहिजे. आणि डायअसिटिलची चाचणी घेतली पाहिजे: दोन लहान बरण्यांत नमुना घ्यायचा, एक झाकून 60 ते 70 अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवायची, मग दोन्ही एका तापमानावर आणून हुंगायच्या. गरम केलेल्या बरणीत लोणी नाकाला आले तर यीस्टचे काम बाकी आहे. लागर असेल तर 15 ते 18 अंशांवर आणखी दोन-तीन दिवस राहू द्यावी. दोन्ही बरण्या स्वच्छ निघाल्या की मग थंडी. ही चाचणी फुकट आहे आणि अर्ध्या तासात होते. ती न करता थंडीला दोष देणे किंवा थंडीचे गोडवे गाणे, दोन्ही मला सारखेच बेजबाबदारपणाचे वाटते.

आमच्या मंडळींत शाकाहारी पुष्कळ आहेत, त्यामुळे आणखी एक गोष्ट मी जोर देऊन सांगतो. जिलेटिन जनावरांच्या कातडीपासून नि हाडांपासून होते, आयसिंग्लास माशापासून. ते साक्यात बसते, ग्लासात जवळपास काहीच येत नाही, हे खरे असले तरी पाहुण्याला न विचारता ती बिअर देणे चूक आहे. त्याला आधी सांगितलेच पाहिजे. पण म्हणून निवळवणेच सोडून द्यावे, हा निष्कर्ष निघत नाही. उकळीच्या शेवटच्या 10-15 मिनिटांत घातलेले आयरिश मॉस हे समुद्रशेवाळ आहे, ते प्रथिने आधीच खाली आणते. सिलिका सोल हे वाळूच्याच जातीचे खनिज, तेही प्रथिनांना धरते. बुरशीपासून काढलेले, प्रोलिनच्या जागी प्रथिने तोडणारे एक एन्झाइम यीस्टबरोबरच घालता येते, मग थंडीतले धुके मुळात धरतच नाही. आणि नुसती थंडी नि तीन आठवडे, हे तर सर्वांत शाकाहारी. खुद्द गिनेसने 2015 साली आयसिंग्लास सोडत असल्याचे जाहीर केले. त्यांची बिअर त्यामुळे गढूळ झाली नाही.

शेवटी राहतो स्पर्धेत जाणाऱ्यांचा हिशेब. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या गुणपत्रिकेत 50 पैकी दिसण्याला फक्त 3 गुण आहेत, तेवढ्यासाठी महिनाभर फ्रीजर अडवायचा कशाला, असे ते विचारतात. त्याच पत्रिकेत चवीला 20 आणि वासाला 12 गुण आहेत, आणि तरंगते यीस्ट नि गंधक हे दोन्ही त्या 32 गुणांतून कापले जातात. हे ज्यांना पटत नसेल त्यांनी पुढची पेल एल किंवा पिल्सनर दोन लहान केगांत वाटावी. एक केग लगेच फेस धरून प्यायला ठेवावा, दुसरा तीन आठवडे 1 अंशावर ठेवून त्याचा साक्याचा पहिला ग्लास ओतून द्यावा. मग दोन्ही बिअर एकाच तापमानाला, आतले काही दिसणार नाही अशा स्टीलच्या पेल्यांतून, कुठली कुठे आहे हे न सांगता मित्रांना द्याव्यात आणि कुठला पेला आधी रिकामा होतो ते पाहावे. माझी बाजू मी त्या पेल्यांवर सोडायला तयार आहे.